प्राथमिक शिक्षणाचा पुनर्विचार आणि आपली मुले

समाजाच्या शैक्षणिक प्रगतीचा आढावा घ्यायचा म्हटले की आपण दहावी-बारावीच्या निकालापासून सुरुवात करतो. गुणवंतांचा सत्कार होतो, स्मरणिकांतून छायाचित्रे छापली जातात, डॉक्टर किंवा अभियंता झालेल्या मुलाचे नाव अभिमानाने घेतले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु तिसरीत बसलेल्या ज्या मुलाला धडा वाचता येत नाही, त्याची नोंद आपल्या कोणत्याही वार्षिक अहवालात सापडत नाही. ते मूल रडतखडत दहावीपर्यंत जाते किंवा मध्येच गळते, आणि मग आपण म्हणतो की पोराला अभ्यासाची गोडीच नव्हती. वास्तविक त्याचे नुकसान सात-आठ वर्षे आधीच झालेले असते. मुलांना भविष्यासाठी तयार कसे करावे, हा आजचा आवडता विषय आहे. त्याचे उत्तर आम्ही प्रस्तुत लेखात पहिली ते चौथीच्या वर्गांत शोधणार आहोत.

बाबासाहेबांनी हे दुखणे फार लवकर ओळखले होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर त्यांचे भाषण झाले. महाडचा सत्याग्रह तेव्हा अवघ्या आठ दिवसांवर आला होता. त्या भाषणात त्यांनी साधा हिशेब मांडला : प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात केवळ १८, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. केवळ पट वाढल्याने त्यांचे समाधान होणारे नव्हते. शाळेची पायरी चढलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी सांगितला. दारूवरील करापोटी सरकार लोकांकडून जेवढा पैसा घेते, निदान तेवढा तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी मागणीही केली. आपल्या विद्यार्थ्यांनी हे भाषण मुळातून वाचावे अशी आमची शिफारस आहे. त्यांत आवेशापेक्षा आकडे जास्त आहेत, आणि आकड्यांनी कसे भांडावे हे त्यातून शिकता येते.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. म्हणजे १९६० पर्यंत हे काम व्हावयाचे होते. ते मूलभूत हक्क म्हणून घटनेत यायला २००२ उजाडले, आणि प्रत्यक्ष कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आज बुलढाणा जिल्ह्यात, मग ते जळगाव जामोदकडील सातपुड्याच्या पायथ्याचे गाव असो की लोणार-मेहकरकडील घाटावरचे, शाळा नाही असे गाव शोधावे लागेल. मुलांची नावे पटावर आहेत, आहार शिजतो, पुस्तके मिळतात.

मात्र बाबासाहेबांनी लावलेली कसोटी आज लावली तर काय दिसते? देशाच्या ग्रामीण भागातील मुलांच्या घरी जाऊन त्यांचे वाचन तपासणारा 'असर' हा अहवाल २००५ पासून निघतो. त्याच्या २०२४ च्या पाहणीत तिसरीतील शंभर मुलांपैकी सुमारे २७ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४९ च्या आसपास होते. भागाकार करू शकणारी पाचवीतील मुले शंभरात जेमतेम ३१ भरली. १९२७ साली मूल शाळेबाहेर पडून निरक्षर होत होते. आता ते हजेरीपटावर नाव असताना, वर्गात बसूनच मागे पडते. बाहेर पडलेले मूल निदान डोळ्यांना दिसत होते. हे दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

असे का होते, याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. वर्ग मात्र चार किंवा पाच. म्हणजे एक गुरुजी एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळतात, आणि त्यातच निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणे ही कामे येतात. पाठ्यपुस्तक महिन्यांच्या हिशेबाने पुढे सरकते. ज्याला जुलैमध्ये 'क' आणि 'फ' यांत फरक कळला नाही, त्याच्यासाठी पुस्तक सप्टेंबरात थांबत नाही. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. आई वेचणीला जाते आणि मोठी बहीण लहान्याला सांभाळायला घरी राहते. ज्या घरांतील माणसे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेर जातात, त्यांच्या मुलांचे तर अर्धे वर्षच हातचे जाते.

यात भर पडली ती करोनाची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल दुसरीच्या मध्यापर्यंत वर्गात बसलेच नव्हते. मोबाईलवर शाळा चालू आहे असे तेव्हा सांगितले जात होते. ज्या घरात एकच मोबाईल, आणि तोही बापासोबत कामावर जाणारा, त्या घरात ती शाळा किती पोहोचली असेल याचा हिशेब कोणी सांगायला नको.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : मग मुलांना सरळ इंग्रजी शाळेतच का घालू नये? तालुक्याच्या गावची पिवळी गाडी आता वाड्या-वस्त्यांपर्यंत येते. मजुरी करणारा बापही पोटाला चिमटा काढून फी भरतो. त्याला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. पुढाऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची मुले इंग्रजीत शिकणार आणि मातृभाषेचा उपदेश तेवढा आमच्या मुलांना, ही तक्रार खरी आहे. इंग्रजी आलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात किंचितही शंका नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. वाद आहे तो क्रमाचा. लहान मूल ज्या भाषेत 'काऊन?' विचारते, त्या भाषेत त्याला आधी वाचता-लिहिता आले पाहिजे. वऱ्हाडी घरातले पोर शेताला वावर म्हणते आणि कपाशीला पऱ्हाटी. शाळेतली प्रमाण मराठीच त्याला अर्धी परकी असते. त्यावर थेट तिसरी भाषा लादली, तर ते धडे पाठ करते, कविता हातवारे करून म्हणते आणि पालक समाधानी होतात. अशा मुलाच्या पालकांनी एक प्रयोग करून पाहावा. पुस्तकातील कोणतेही एक पान उघडून मुलाला ते आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत सांगायला लावावे. सांगता आले तर शाळा चांगली आहे, फी खुशाल भरावी. सांगता आले नाही तर पैसे कशाचे जात आहेत याचा विचार करावा. हाच प्रयोग जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलावरही करावा, हे ओघाने आलेच.

मातृभाषेतील थोड्या शिक्षणाने काय होऊ शकते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी शिकत होती. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध छापून आला, तेव्हा तिचे वय चौदाच्या आसपास होते आणि शाळेत येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. तीन वर्षे, म्हणजे आजची तिसरी! एवढ्या काळात तिने अक्षरओळख करून घेतली आणि त्याच अक्षरांनी धर्माला आणि राज्यकर्त्यांना प्रश्न विचारले. वय थोडे मोठे होते हे खरे, पण घरी पुस्तक नव्हते, शिकवणी नव्हती आणि गावाचा विरोध होता.

दुसरा दाखला थेट बुलढाण्याचा. ताराबाई शिंदे येथल्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंचे शिक्षण घरीच, वडिलांच्या हाताखाली झाले. १८८२ साली त्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापले गेले. पुरुषांनी स्त्रियांवर ठेवलेल्या एकेका आरोपाचा त्यांनी त्यात असा समाचार घेतला आहे की आजही वाचणारा चपापतो. आपल्या जिल्ह्यातील किती शाळांत चौथीच्या मुलींना हे नाव सांगितले जाते? जिजाऊंचे सिंदखेडराजा सर्वांना ठाऊक आहे, ते असायलाच हवे. त्यांच्या शेजारी ताराबाईही असाव्यात.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते आणि ज्यांच्या करातून तो पैसा येतो त्या शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांना प्राथमिक शाळाही नीट मिळत नाही, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती असा अभ्यासक्रमही सुचवला. शिक्षकाला पगार चांगला असावा, आणि नांगराला हात लावण्याची ज्याला लाज वाटत नाही असा तो असावा, हेही त्यांनी लिहिले. शंभराहून अधिक वर्षांनी निघालेली शैक्षणिक धोरणे वाचताना हे निवेदन शेजारी ठेवावे. पुष्कळ गोष्टी नव्या नाहीत हे लक्षात येईल.

शेतीचा आणि हातकामाचा मुद्दा मात्र जपून हाताळावा लागतो. १९३७ साली आपल्या शेजारच्या वर्ध्यात नई तालीमची परिषद भरली आणि चरख्याभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना पुढे आली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना कारागिरांसोबत घालवावेत असे सुचवले आहे. कल्पना वाईट नाही. पण ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या कामातच गेल्या, त्यांच्या मनात शंका येणारच. हातकाम सर्वांच्या मुलांना असेल, कलेक्टरच्या मुलाच्याही हाती खुरपे येणार असेल, तर ते शिक्षण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत कौशल्य आणि शहरातल्या शाळेत विज्ञान, अशी वाटणी होणार असेल तर तिला आपण विरोधच केला पाहिजे.

आमच्या मते गावातील कामे शाळेत यावीत ती हात वळवण्यासाठी नव्हे, डोके चालवण्यासाठी. एक उदाहरण घेऊ. आईने दिवसभरात ४३ किलो कापूस वेचला. किलोला दहा रुपये दर ठरला होता. मोजताना मालकाने ओल म्हणून दोन किलो कापले. आईच्या हाती किती रुपये यायला हवेत? चारशे दहा. हे गणित तिसरीच्या मुलाला आले पाहिजे. आणि ते आले की पुढचा प्रश्न तो आपणहून विचारील : दोन किलोच का कापले, ओल मोजली कोणी? गणिताचा तास येथे संपतो आणि नागरिकशास्त्राचा सुरू होतो. पुस्तकात वेगळा धडा असण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण फवारणीच्या औषधाचे. प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. सोबत सूचनापत्र असते, बारीक अक्षरांत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याला अनेक कारणे होती आणि केवळ वाचता आले असते तर सर्व वाचले असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण घरातील चौथीच्या मुलीने तो डबा उचलून त्रिकोणाचा रंग आणि सूचना बापाला वाचून दाखवल्या, तर तिच्या शिक्षणाचा उपयोग त्याच दिवशी होतो. रेशनकार्ड, मजुरीचे जॉबकार्ड, सातबारा, दवाखान्याची चिठ्ठी हे सर्व या अर्थाने पाठ्यपुस्तकच आहे.

विज्ञानासाठी तर निसर्गाने आपल्या जिल्ह्याला प्रयोगशाळाच दिली आहे. लोणारचे विवर उल्का आदळून बसाल्ट खडकात तयार झाले. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. कोणी चमत्कार म्हणाले, कोणी लवणासुराच्या रक्ताची आठवण काढली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा क्षार वाढल्यामुळे फोफावलेल्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. ऐकलेली गोष्ट, पाहिलेली गोष्ट आणि तपासून पाहिलेली गोष्ट यांत फरक काय, हे शिकवायला याहून चांगला धडा कोठे मिळेल? कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण वारंवार सांगतो. मूल नऊ-दहा वर्षांचे असतानाच त्याचा सराव झाला पाहिजे. उद्याच्या जगात संगणक आणि बोलणारी यंत्रे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर क्षणात देतील, आजच देत आहेत. ते उत्तर खरे की खोटे हे ज्याला तपासता येत नाही, त्याच्या हातातला महागडा मोबाईल त्याला फसवणाऱ्यांच्याच कामी येईल. म्हणून शाळेला संगणक मिळाला की नाही याआधी मुलाला वाचता येते की नाही हे पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू करून तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे यासाठी २०२६-२७ हे वर्ष उद्दिष्ट म्हणून ठरवले. उद्दिष्ट चांगले आहे. परंतु २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचारही शासनानेच पुढे आणला, आणि राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत. सहा वर्षांची मुलगी वस्तीवरची शाळा बंद झाल्यावर रोज किती दूर जाईल, हे आपल्याला कागद न पाहताही सांगता येते. अशा वेळी शाळा व्यवस्थापन समितीचा उपयोग करावा. कायद्याप्रमाणे तिचे पाऊणशे टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी ही समिती सहीपुरती उरली आहे. आपल्या वस्तीतील मातांनी तिच्यात बसावे, आणि पटाचा, शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा प्रश्न ठरावाने मांडावा. तोंडी तक्रारीपेक्षा ठराव वजनदार ठरतो.

मागे पडलेल्या मुलांसाठी मात्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथे 'प्रथम' संस्थेने 'बालसखी' नावाचा प्रयोग केला. वस्तीतीलच, फार शिकलेली नाही अशी तरुणी रोज दोन तास वर्गातील मागे पडलेल्या मुलांना वेगळे घेऊन बसे आणि त्यांना जे येत नाही तेथून सुरुवात करी. पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा सर्वांत कच्च्या मुलांना सर्वांत जास्त लाभ झाल्याचे आढळले. इयत्ता न पाहता मुलाची पातळी पाहून शिकवायचे, एवढेच त्याचे मर्म. बारावी झालेले, पदवी घेऊन भरतीची वाट पाहणारे तरुण-तरुणी आपल्या प्रत्येक गावात आहेत. पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुलाने रोज एक तास दिला तर त्याचाही सराव बुडणार नाही.

जागेचाही प्रश्न नाही. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत रोज सायंकाळी ग्रंथवाचन होते आणि मुले तेथे येतातच. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे हे तीन महिने वर्षाच्या अगदी सुरुवातीचे. वाचनाआधीचा एक तास मुलांचा ठेवावा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला जवळ बसवून चार गोष्टी पाहाव्यात : अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. जेथे अडते तेथून शिकवावे, रागावू नये. वहीत मुलाचे नाव, तारीख आणि पातळी एवढे तीन रकाने पुरेत. महिन्याने पुन्हा पाहावे. ज्यांना परिच्छेद येऊ लागेल त्यांनी सायंकाळच्या ग्रंथवाचनात मोठ्यांसमोर चार ओळी वाचाव्यात. अडखळले तरी मध्येच कोणी पुस्तक हातातून घेऊ नये.